‘एक मिनिट’ सरांचा तंबोरा

सर तंबोरा लावायला बसले की काकू तुरीची डाळ पातेल्यात शिजत टाकायच्या. कुकर नाही, पातेलं. कारण त्या वेळात शिट्टी वाजलेली सरांना चालत नसे. हिंगणघाटच्या पाण्यात पातेल्यातली डाळ शिजायला सव्वा तास लागतो, हे मी स्वतः घड्याळ लावून बघितलेलं आहे. डाळ शिजायची, तिला फोडणी बसायची, पोळ्या व्हायच्या, मी वरच्या खोलीत डबा भरून मिलच्या पाळीला निघायचे, आणि जिना उतरताना बैठकीतून आवाज यायचा, "एक मिनिट!"

समोर कुणी नसायचं. हे एक मिनिट सर नेमकं कुणाकडे मागत होते, ते मला त्या घरात काढलेल्या चार वर्षांत कळलं नाही.

गावात त्यांना ‘एक मिनिट सर’ असंच म्हणत. शाळेत ते संगीत शिकवायचे. म्हणजे शिकवायचं ठरलेलं असायचं. सकाळच्या प्रार्थनेला पोरं रांगेत उभी, हेडमास्तर उभे, सर ओट्यावर तंबोरा घेऊन बसलेले, आणि "एक मिनिट". शेवटी हेडमास्तरांनी खूण केली की पोरं आपली आपण प्रार्थना उरकून वर्गात जायची. पहिल्या तासाची घंटा झाली तरी सर ओट्यावरच. त्यांच्या निरोप समारंभात ते स्वतः गाणार होते. भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं, लोक चिवडा खाऊन घरी गेले, शिपायांनी सतरंज्या गुंडाळल्या. ज्या सतरंजीवर सर बसले होते तेवढी एक राहिली. हे मला शिपायानेच सांगितलं, आणि सांगताना त्याला अजून राग येत होता.

यावर सरांचं उत्तर ठरलेलं होतं. "गातं कोणीही. लावता आलं पाहिजे."

आता माझं सांगते. मी कारंजा घाडग्याची. वडिलांचं हायवेला ट्रकचं गॅरेज. अंगणात उघडा गिअरबॉक्स आणि त्याच्या बाजूला आमचा अभ्यास, असं माझं बालपण गेलं. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि हिंगणघाटच्या एका सूतगिरणीत मेंटेनन्सला लागले. खोली बघायला आले तेव्हा सरांनी नाव-गाव काही विचारलं नाही. आत जाऊन स्टीलचं ताट आणलं, त्यावर चमचा मारला आणि म्हणाले, "काय ऐकू आलं?"

"ताट," मी म्हटलं.

"ताट नव्हे. सूर. कोणता सूर?"

"स्टीलचा."

आतून काकूंच्या हसण्याचा आवाज आला. सरांनी ताट काखेत मारलं. मग आत वळून म्हणाले, "हिला खोली द्या. हिला काहीही ऐकू येत नाही. हिचा त्रास होणार नाही."

अटी तीन. मिक्सर नाही, जिन्यावर चप्पल वाजवायची नाही, आणि मोबाइलची रिंगटोन ते सांगतील ती. त्यांनी माझ्या मोबाइलमधल्या सगळ्या रिंगटोन एकामागून एक ऐकल्या, प्रत्येकीला नाक मुरडलं आणि शेवटी म्हणाले, "व्हायब्रेटवर ठेवा."

सरांच्या तोंडात दोन मराठी होत्या. संगीताविषयी बोलताना अगदी पुस्तकातली. "हा पंचम किंचित चढा आहे," वगैरे. पण तार तुटली की आपल्या मूळच्या बोलीत यायचे. "तुटली ना बापा! सक्काय सक्काय तुटली!" त्यामुळे वर खोलीत बसूनही मला खाली काय घडलं ते समजायचं. शुद्ध मराठी ऐकू आली की सगळं ठीक चाललंय म्हणायचं.

दुसरं म्हणजे खडू. सरांच्या शर्टाच्या खिशात कायम एक खडू असायचा. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली तरी. मला आधी वाटलं, शाळेची सवय. नंतर कळलं की तो तंबोऱ्यासाठी आहे. तंबोऱ्याची खुंटी म्हणजे काय, तर निमुळती लाकडी मूठ, आणि ती ज्यात बसते ते तसंच निमुळतं भोक. आत दुसरं काही नाही. दाबायची आणि फिरवायची, घट्ट बसली तर बसली. आमच्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि खुंटी आपोआप सैल होऊन तार ढिली पडते. मग तिला खडू चोळायचा, म्हणजे ती धरून राहते. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि खुंटी हलतच नाही. मग सर तिच्याशी कुस्ती खेळायचे. "शर्ट धुते का भित धुते, समजत नाई," असं काकू खिशाला लागलेली भुकटी झटकताना म्हणायच्या.

उन्हाळ्यात घरातला एकमेव कूलर तंबोऱ्याच्या खोलीत असायचा. थेट नाही, कारण ओल लागते. दोन हात तिरपा, आणि मध्ये ओली नसलेली चादर बांधलेली. तंबोरा गारव्यात उभा, आणि सर आणि काकू शेजारच्या खोलीत पंख्याखाली घामाघूम. मी एकदा म्हटलं, "सर, तुम्ही पण त्याच खोलीत झोपा ना." तर म्हणाले, "आमच्या श्वासाने दमटपणा वाढतो."

काकू हे सगळं कसं सहन करतात, असं मला वाटायचं. एकदा गच्चीवर मिरच्या वाळत घालताना मी विचारलंच. काकू मिरच्या पसरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "मले पाह्याले आलते ना, तवा गायले होते ते."

"सर? गायले?"

"मंग! त्याइच्या मामानं म्हटलं, पोरगा गाते, ऐका. म्या दाराच्या मांगून ऐकलं. अर्धंच झालं होतं, तं चहा आला. पण म्या तेवढ्यावरच हो म्हटलं."

"आणि तंबोरा?"

"तंबोरा नव्हता ना त्या दिवशी संगं! म्हूनच तं गायले." काकूंनी एक सडकी मिरची उचलून बाजूला फेकली. "लग्न झालं अन् गाणं गेलं. लावणंच लावणं ऐकून राह्यली तवापासून. राह्यलेलं अर्धं एकडाव ऐकाचं हाय, बाई. तेवढं झालं की माहं काही म्हणणं नाई."

त्या हसत होत्या, पण मला ते हसण्यावारी नेता आलं नाही. चाळीसच्या वर वर्षं झाली होती, आणि बाईचं अर्धं गाणं अजून येणं बाकी होतं.

मी मशीनची माणूस. मला वाटलं, यात काय एवढं! दुसऱ्याच दिवशी मी सरांना सरळ सांगितलं, "सर, तुमचा प्रॉब्लेम सुराचा नाहीच. खुंटीचा आहे. नुसत्या घर्षणावर चाललंय सगळं. हिच्यात गिअर टाका. केसभर फिरवली की केसभर सरकेल आणि सोडली की तिथंच थांबेल. दोन मिनिटांत तंबोरा लागेल."

सरांचा चेहरा असा झाला, जणू मी देवघरात चपला घालून आले होते. "गिअर," ते म्हणाले, "ट्रकले असते."

त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी समोर उभी असताना काकूंना म्हणायचे, "वरच्यांना सांगा, पाणी आलं." मी काकूंना म्हणायचे, "खालच्यांना सांगा, समजलं." काकू दोघांनाही काहीच सांगायच्या नाहीत.

ते तसंच राहिलं असतं. पण त्या पावसाळ्यात शुद्ध मराठी ऐकू येईनाशी झाली. पहाटेपासून नुसतं "अबे", "अरे बापा", "काऊन नाई फिरून राह्यली तू?" असं चाललेलं. डाळ शिजायची, थंड व्हायची, तरी एकाही तारेचा पत्ता नसायचा. सरांनी आधी दोष हायवेच्या ट्रकांना दिला. मग जिनिंगमधून उडणाऱ्या रुईला. मग वणा नदीच्या दमट हवेला. मग नगरपालिकेला, का ते सांगितलं नाही. एके दिवशी त्यांनी माझ्याकडून चहाचा कप घेतला तेव्हा मला दिसलं. उजव्या अंगठ्याचं पेर लिंबाएवढं सुजलेलं. कपाचा कान त्यांना धरता येत नव्हता, आणि हा माणूस रोज सकाळी फुगलेल्या लाकडाशी कुस्ती खेळत होता.

मी न बघितल्यासारखं केलं. त्यांनीही कप दोन्ही हातांनी धरला, जणू त्यांची तशीच पद्धत आहे.

त्या आठवड्यात सरांनी जाहीर केलं की तंबोरा देऊन टाकायचा. वर्ध्याला त्यांची एक जुनी विद्यार्थिनी गाण्याचा क्लास चालवत होती, तिला फोनसुद्धा करून झाला होता. दिवाळीनंतरच्या रविवारी ती गाडी घेऊन येणार. "जागा फार अडवतो," सर म्हणाले. तंबोरा कोपऱ्यात उभा असायचा. दीड फूट जागा. त्याच खोलीत मोडकं शिलाई मशीन होतं, तीन निकामी पंखे होते, त्यांची जागा कुणाला अडत नव्हती.

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी गेले तर म्हणाल्या, "तंबोरा गेला तं गाणंही गेलं, पोरी. बिना तंबोऱ्याचं ते आता कायचे गाते!"

मग मी जे केलं ते थोडं रागाने केलं, हे कबूल करते. सरांसमोर जाऊन बसले आणि मोबाइल धरला. त्यात परदेशातला एक म्हातारा होता, मांडीवर एक जुनं तंतुवाद्य घेऊन. ल्यूट म्हणतात त्याला. पोट फुगलेलं, मान मागे मोडलेली, आणि खुंट्या वीसच्या वर. व्हिडिओ बावीस मिनिटांचा. त्यातली पंधरा मिनिटं म्हातारा नुसता तारा लावत होता. सर हळूहळू पुढे सरकले. चष्मा वर केला. "काय साधना आहे!" ते म्हणाले. "बघा, बघा, त्याला पटलेलं नाही. पुन्हा लावतोय. शाब्बास!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या जातकुळीचा माणूस भेटला होता. मग म्हाताऱ्याने आपली एक खुंटी काढून दाखवली. बाहेरून लाकूड, आणि पोटात नखाएवढे पितळी गिअर. हात दुखतात म्हणून बसवून घेतले, असं तो सांगत होता. मी ते सरांना मराठीत सांगितलं. हात दुखतात हे जरा हळू सांगितलं.

सर अंगठा मुठीत लपवून बसले होते. "हा माणूस बिनडोक नाही," ते म्हणाले. आणि पाच मिनिटांनी, भिंतीकडे बघत, "तंबोरा न लावता दुसऱ्याच्या घरी धाडणं बरं दिसत नाही. त्या एका दिवसापुरतं करा काय करायचं ते. बाहेरून दिसता कामा नये."

परदेशी खुंट्या आपल्या तंबोऱ्याला बारीक पडत होत्या. तेव्हा मी बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या स्क्रू ड्रायव्हरच्या पोटातले गिअर मागवले, मिलच्या लेथवर त्यांना पितळी नळ्या केल्या, आणि सरांच्याच जुन्या खुंट्यांच्या मुठी कापून वर बसवल्या. सुपरवायझरने विचारलं तर म्हटलं, कार्डिंग मशीनचा पार्ट आहे. त्याने तंबोऱ्याची खुंटी हातात फिरवून बघितली आणि "चांगला झाला," म्हणाला.

हिशेब सोपा होता. मूठ चार वेळा फिरवली की तार गुंडाळणारा दांडा एकदा फिरतो. जोर चौथाई लागतो. मी सरांना बजावलं, "दाबायचं नाही. आणि खडू लावायचा नाही." सर म्हणाले, "मला शिकवू नका." पहिल्या सकाळी त्यांनी सवयीने पाव फेरा दिला. तार हलल्यासारखी वाटेना. अजून दिला. अजून. मग चिडून एकदम सहा फेरे दिले. वर माझ्या खोलीत ऐकू आलं, "तुटली ना बापा!"

पण दोन दिवसांत हात बसला. आणि ते बघणं मला फार आवडलं. तो सुजलेला अंगठा मुठीवर नुसता टेकवलेला, दोन बोटांनी हलकेच फिरवणं, आणि तारेचं मुंगीच्या पावलाने वर चढणं. सर डोळे मिटून म्हणाले, "हे तर लोणी आहे." मी खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मिलमध्ये मी सगळ्यांना चहा पाजला.

तिसऱ्या दिवशी खर्जाची, म्हणजे सगळ्यात जाड तारेची, खुंटी अडली. उघडून बघते तर आत पांढरा लगदा. मी तो काकूंना दाखवला. "बघा तुमच्या साहेबांचे उद्योग! हातानं आपोआप खडू चोळलाय. मूठ आणि नळीच्या मध्ये मी नखभर फट ठेवली, ती माझी चूक. काहीही पीठ-भुकटी या फटीतून आत गेली आणि ग्रीसमध्ये कालवली, की वाळून दगड होतो."

"दगड होते?" काकूंनी विचारलं.

"दगड. मग सरांनाच काय, पैलवानालाही फिरायची नाही."

"अव माय," काकू म्हणाल्या आणि लगदा बोटाने दाबून बघितला.

मी साफ करून खुंटी परत बसवली. सरांना रागावले. त्यांनी लहान मुलासारखी मान डोलावली. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी घोडचूक करून बसले आहे. लाकडी खुंटी होती तेव्हा सरांना केसभर चूक ऐकू यायची, पण दुरुस्त करता यायची नाही. खुंटी तेवढी बारीक फिरतच नसे, म्हणून निदान सव्वा तासाने ते नाइलाजाने थांबायचे. आता केसाचाही केस काढायची सोय झाली होती. सव्वा तासाचे दोन तास झाले. दोनाचे तीन. सर दमतही नव्हते. काकूंनी तुरीची डाळ सोडून अख्खे हरभरे टाकायला सुरुवात केली.

"पोरी," त्या मला एकदा म्हणाल्या, "तू हे बरं केलं का वाईट केलं?"

मी तास मोजायला लागले. सरांनी सांगून टाकलं होतं की देण्याआधी एकदा त्या तंबोऱ्यावर गाईन. पण वर्ध्याच्या बाई चारला येणार आणि अंधाराच्या आत परत जाणार. दोन तास. सरांचं लावणंच तीन तासांचं. म्हणजे पुन्हा निरोप समारंभच. आणि यावेळी सतरंजीबरोबर तंबोराही जाणार.

शनिवारी संध्याकाळी सर सरावाला बसले. मी खाली स्वयंपाकघरात होते, काकू भजी तळत होत्या. अडीच तास झाले. सर मध्येच "लागला!" म्हणायचे आणि लगेच "एक मिनिट". असं पाच-सहा वेळा झालं. एकदा काकू झारा तसाच धरून थांबल्या, मान तिरकी करून ऐकलं, आणि बैठकीच्या दारात जाऊन म्हणाल्या, "अवं, उठा आता. भजे थंडे होऊन राह्यले."

"एक मिनिट—"

"उठा म्हन्ते ना!"

असा आवाज मी काकूंचा ऐकला नव्हता. सरांनीही नसावा, कारण ते उठले. आम्ही दोघं पाटावर बसून भजी खाऊ लागलो. काकू उरलेल्या पिठाचं वाटगं हातात घेऊनच बैठकीतला दिवा मालवायला गेल्या. बराच वेळ लागला त्यांना. सरांनी तोपर्यंत माझ्या ताटातली दोन भजी खाल्ली.

रविवारी चारला वर्ध्याच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा लावणाऱ्या, सरांपुढे अजून नववीतल्या मुलीसारख्या बसणाऱ्या. त्यांनी तंबोऱ्यासाठी गाडीत गादी घालून आणली होती. ती गादी बघून सरांनी तोंड फिरवलं. काकू लुगडं बदलून, केस विंचरून, भिंतीशी पाय दुमडून बसल्या होत्या. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि मग समजलं. स्वयंपाकघरात गॅस बंद होता. सर लावायला बसताहेत आणि डाळ चढवलेली नाही, असं मी त्या घरात प्रथमच बघत होते.

सरांनी तारा छेडल्या. मान हलवली. पंचमाच्या खुंटीवर दोन बोटं टेकवली आणि फिरवली. खुंटी हलली नाही. पुन्हा फिरवली. मग मधल्या जोडाच्या तारांच्या दोन्ही, मग खर्जाची. चारही तशाच. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी उठून बघितलं, दोन्ही हातांनी जोर लावला. घट्ट.

मला इतका संताप आला! महिनाभर मिलमध्ये चोरून केलेलं काम. मी पाहुण्यांसमोरच म्हटलं, "सर, पुन्हा खडू लावला ना तुम्ही? चारही खुंट्यांना? किती वेळा सांगितलं होतं!"

सरांचा हात खिशाकडे गेला. खडू तिथं होताच. त्यांनी तो बाहेर काढला आणि बघत राहिले. "लावला असन," ते हळूच म्हणाले. "हाताले सवय हाय." इतकं पडलेलं तोंड मी त्यांचं पाहिलं नव्हतं, आणि बोलले त्याचं मला त्याच क्षणी वाईट वाटलं.

"खोलायला किती वेळ?" वर्ध्याच्या बाईंनी विचारलं.

"तारा उतरवाव्या लागतील. दोन तास तरी."

"अंधाराच्या आत निघाचं हाय तिले," काकू भिंतीशी बसून म्हणाल्या.

तारांवर खाली बारीक मणी असतात, सूर हलकासा वर-खाली करायला. सरांनी ते सरकवले. पाच मिनिटांत जेवढं व्हायचं तेवढं झालं. पुढे मणी सरकायला जागा नव्हती. सरांनी पुन्हा चारही तारा छेडल्या. कपाळाला आठी पडली. "एक—" म्हणून हात खुंटीकडे गेला, खुंटीवर थांबला, आणि परत आला. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. आम्ही तिघी बसलेल्या होतो आणि तंबोरा वाजत होता. आता गाण्यावाचून सुटका नाही हे त्यांना समजलं, तेव्हा ते चक्क घाबरले.

"काय म्हणू?" त्यांनी विचारलं.

"तेच," काकू म्हणाल्या.

कोणतं, असं सरांनी विचारलं नाही.

मला सूर समजत नाहीत, स्टीलचेही. तरी सांगते, आवाज बारीक झालेला होता. वरच्या जागी दोनदा चिरकला. एका ठिकाणी श्वास पुरला नाही आणि शब्द अर्धा राहिला. पण सर थांबले नाहीत. डोळे मिटलेले, तो सुजलेला हात तारांवरून फिरत होता, आणि गळ्याची शीर ताणलेली. मी काकूंकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. अर्ध्यापर्यंत. मग ओठ थांबले, आणि त्या नुसत्या ऐकू लागल्या, कारण पुढचं त्यांना माहीत नव्हतं. पदर डोळ्याला लावला नाही, काही नाही. गालावरून पाणी वाहत होतं ते वाहू दिलं. मीही रडले. कशाला लपवायचं?

गाणं संपल्यावर वर्ध्याच्या बाई सरांच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, "सर, हा इथंच राहू द्या. मीच येत जाईन ऐकायला." गाडीतल्या गादीवर काकूंनी त्यांना दोन कोहळे ठेवून दिले.

सोमवारी सुट्टी टाकून मी खुंट्या खोलल्या. खडूचा पांढरा लगदा काढायला कापड घेऊन बसले होते. पण आत पांढरं काही नव्हतंच. पिवळं होतं. वाळून खडखडीत झालेलं, पिठाच्या वाटग्याच्या कडेला राहतं तसं. आणि पंचमाच्या खुंटीत, दोन गिअरच्या दातांमध्ये, ओव्याचा एक दाणा अडकलेला होता.

मी तो दाणा तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात गेले. काकू तूर निवडत होत्या. त्यांनी दाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग बैठकीकडे बघितलं. सर तिथे शेजाऱ्याला सांगत होते, "चूक माझीच. सवय, दुसरं काय!"

"पण काकू, लागलेला असतानाच बरोबर कसं जाम केलं तुम्ही? तुम्हाला कसं समजलं?"

"चाळीस वर्षांच्या वर ऐकून राह्यली," काकू म्हणाल्या. "कवा लागते ते मले त्याइच्या आधी समजते."

मी खुंट्या साफ केल्या, ग्रीस भरलं, फट बुजवायला वॉशर काढले. काकूंनी माझा हात धरला. "ते राहू दे," म्हणाल्या. "मशीन म्हटली का वर्षातून एकडाव तं बिघडलीच पाह्यजे."

मी वॉशर परत पिशवीत टाकले.

आता मी बुटीबोरीला असते. सर रोज तीन तास तंबोरा लावतात, त्यात खंड नाही. आणि दर वर्षी दिवाळी झाली की चारही खुंट्या अडतात, वर्ध्याच्या बाई येतात, आणि सर अंधाराच्या आत एक गाणं म्हणतात. आवाज वर्षागणिक बारीक होतोय. गाण्याआधी ते सगळ्यांसमोर कबुली देतात, "पुन्हा खडू लावला वाटतं." खरं तर खिशातला खडू त्यांनी त्या पहिल्या रविवारनंतरच सोडला, त्यांचे शर्ट आता स्वच्छ असतात. त्यांना काय माहीत आहे आणि काय नाही, ते मी विचारत नाही.

परवा काकूंचा फोन आला. मी म्हटलं, "काकू, यंदा कधी जाम होणार?"

"रविवारी," त्या म्हणाल्या. "तू शनिवारीच येजो. अन् येताना ओवा आनजो, घरातला संपला."